वरचा स्रोत

बाईंच्या टेबलावर एकूण सात साधने नांदत होती आणि सातांपैकी एकाचेही दुसऱ्याशी पटत नव्हते. पहिल्यावर वर्ग भरे, दुसऱ्यावर हजेरी लागे, तिसऱ्यावर गृहपाठ येई, चौथ्यात प्रश्नपेढी होती, पाचव्यावर विद्यार्थी शंका विचारत, सहाव्यावर गुण चढत. आणि सातवे साधन, ज्याला दूरशिक्षण केंद्रातले सगळे ‘पहारेकरी’ म्हणत, ते परीक्षेच्या वेळी परीक्षार्थीच्या डोळ्यांवर पाळत ठेवी. पहिल्या साधनात तासभर समोर बसून बोलणारा विद्यार्थी दुसऱ्यात खुशाल गैरहजर असे. चौथ्याचा पासवर्ड दर पंधरवड्याला बदले. नवा पासवर्ड पाचव्यावर येई. आणि पाचवे उघडण्यासाठी आधी चौथ्यात असणे सक्तीचे होते. ही रचना ज्या मेंदूतून निघाली त्या मेंदूविषयी बाईंना द्वेष नव्हता. नामशेष झालेल्या जमातीच्या हत्यारांविषयी संशोधकाला असते तसे थंड कुतूहल होते.

दर शनिवारी या सातांचा वापर-अहवाल भरावा लागे. कोणते साधन किती मिनिटे वापरले, आणि वापरताना समाधान किती वाटले? समाधानासाठी पाच तारे. बाई इतिहास शिकवत. राजवट प्रजेकडून समाधान मोजून घेऊ लागली की तिचे कोणते प्रकरण सुरू झालेले असते हे त्या जाणून होत्या. तरीही मुकाट्याने पाच तारे देत, कारण चार दिले की ‘एक तारा कमी का?’ असा सहा रकान्यांचा तक्ता उघडत असे.

हे सारे त्या सोसत होत्या ते चौदा माणसांसाठी. शाळा अर्ध्यावर सुटलेली आणि आता चाळिशी-पन्नाशीत शालान्त परीक्षेला बसणारी ही माणसे. त्यांत एक बसचालक होता, जो शेवटच्या थांब्यावर उभ्या बसमध्ये फोन चाकाला टेकवून शिकत असे. रुग्णालयातली एक आया होती, जी चादरींच्या खोलीतून हजर राही. परीक्षा पास झाली तर तिला वॉर्डाची प्रमुख नेमणार होते. प्रश्न विचारला की हे सारे पहिल्यांदा सुचेल ते घाईघाईने बोलून टाकत. आयुष्यभर कुणा ना कुणा साहेबापुढे उभे राहिल्याने लागलेली ती सवय होती. बाईंनी पहिल्याच आठवड्यात ती मोडली.

“लगेच उत्तर द्यायचं नाही,” त्या म्हणाल्या. “आधी जरा वर बघा. कोणी मारत नाही. आठवेल.”

आणि खरोखरच आठवे. वर्षभरात चौदाही जण शांतपणे वर बघून, मग खाली येऊन, पूर्ण वाक्यात उत्तर देऊ लागले. बाई स्वतः तर लहानपणापासून वर बघूनच विचार करत आल्या होत्या.

परीक्षेला बारा दिवस उरले असताना केंद्राचे परिपत्रक आले. प्रत्येक शिक्षकाने ‘साधन-प्रावीण्य चाचणी’ उत्तीर्ण होणे अनिवार्य. अनुत्तीर्ण शिक्षकाचा वर्ग तत्काळ ध्वनिमुद्रित व्याख्यानांकडे वळवण्यात येईल. ती ध्वनिमुद्रित व्याख्याने बाईंनी ऐकली होती. त्यांतला आवाज कोणाहीसाठी थांबत नसे.

सोमवारी सकाळी बाई चाचणीला बसल्या. चाळीस प्रश्न, समोर पहारेकरी. सतरावा प्रश्न असा होता: ‘विद्यार्थी पहिल्या साधनात हजर, दुसऱ्यात गैरहजर, आणि तिसऱ्यात त्याचा गृहपाठ दोनदा जमा असल्यास शिक्षकाने सर्वप्रथम काय करावे?’ बाईंच्या मनात जे उत्तर आले ते पर्यायांत नव्हते. त्यांनी वर पाहिले, विचार केला, खाली पाहून योग्य तो पर्याय टिपला. अशी पाऊण तासात त्यांची अडतीस उत्तरे बरोबर आली.

निकाल मात्र राखून ठेवण्यात आला. कारण छापून आले होते: ‘परीक्षार्थीने एकेचाळीस वेळा दृश्यक्षेत्राबाहेरील वरच्या स्रोताचा आधार घेतला.’

बाईंनी तंत्र-समन्वयकाला फोन लावला. हा पन्नाशीचा, टक्कल पडलेला, सतत घसा साफ करणारा गृहस्थ होता; जगात जे जे घडते ते सिस्टीम घडवते, अशी त्याची श्रद्धा होती.

“मॅडम, सिस्टीम म्हणतेय तुम्ही वर बघून उत्तरं लिहिलीत.”

“वर बघून विचार केला. उत्तरं खाली बघून लिहिली.”

“तेच ते. वर काय आहे?”

“छत.”

“छताला काय आहे?”

“पंखा.”

“पंख्यावर काही लिहिलंय?”

“धुळीत बोटानं कोणी काही लिहिलं असेल तर मला खालून दिसत नाही.”

“असं नाही चालत मॅडम. रकान्यात ‘होय’ किंवा ‘नाही’च बसतं. तुम्ही असं करा, छताचा फोटो पाठवा.”

बाईंनी फोटो पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आले: ‘स्रोत हलता आहे.’ बाईंनी पंखा बंद करून दुसरा फोटो पाठवला. त्यावर उत्तर आले: ‘पहिल्या व दुसऱ्या प्रतिमेत तफावत. पुराव्यात फेरफार.’

एवढ्यावर भागले असते तर प्रकरण एकट्या बाईंचे राहिले असते. पण त्याच दुपारी त्यांच्या चौदा विद्यार्थ्यांची सराव परीक्षा होती, आणि तिच्यावरही पहारेकरीच बसला होता. चौदा जण शहाण्या विद्यार्थ्यांसारखे वागले. प्रश्न वाचला, वर पाहिले, आठवले, खाली येऊन लिहिले. पहारेकऱ्याने सकाळचा हिशेब दुपारच्या हिशेबाला जोडला. एक शिक्षिका, चौदा विद्यार्थी, चौदा वेगवेगळी घरे आणि वाहने, आणि पंधराही जणांची नजर एकाच दिशेला. मंगळवारी सकाळी केंद्रप्रमुखांच्या सहीचे पत्र आले: ‘संघटित गैरप्रकार. सूत्रधार: वर्गशिक्षिका. सुनावणी गुरुवारी अकरा वाजता. आरोप सिद्ध झाल्यास चौदाही परीक्षार्थींना यंदा बसता येणार नाही.’

केंद्रप्रमुख मनाने वाईट नव्हते. ते केवळ कागदाला भीत. त्यांनी स्वतःच फोन केला.

“बाई, तुम्ही आमच्या सगळ्यांत जुन्या. तुमच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पण पंधरा माणसं एकाच दिशेला बघतायत हो!”

“साहेब, वर ही दिशा सगळ्यांना एकच असते.”

“अहो, तेच तर सिस्टीम म्हणतेय!”

बाईंनी फोन ठेवला. रागाने त्यांचा आवाज कधी चढत नसे. वाक्ये तेवढी जास्त व्याकरणशुद्ध होत. त्या दिवशी दुधवाल्याशी बोलतानाही त्यांनी ‘तथापि’ वापरला.

दुपारी बसचालकाचा फोन आला.

“बाई, मी सरळ बघायचा सराव करतोय. गाडी चालवताना बघतोच की दिवसभर.”

“मग सरळ बघून काय आठवलं?”

“पुढचा थांबा.”

“आणि इतिहास?”

“तो आठवायला वर बघावंच लागतं बाई. तुम्हीच लावलीत ना सवय. आता डोळ्यांना काय ब्रेक लावू?”

आयाने फोनवर तक्रार केली नाही. ती एवढेच म्हणाली, “बाई, सत्तावीस वर्षं डॉक्टर विचारतात आणि मी पटकन ‘हो’ म्हणते. ह्या वर्षी पहिल्यांदा एकाला म्हणाले, थांबा, आठवू द्या. आणि थांबले हो ते!” मग जरा वेळाने, “आता नाही बघत मी वर. तुम्हाला त्रास नको.”

हे ऐकल्यापासून बाईंनी स्वतःवर उपाय सुरू केला. भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे टक लावून त्या बोलू, जेवू आणि विचार करू लागल्या. पहिली दोन जमली.

बुधवारी सकाळी स्थळपाहणीसाठी केंद्रप्रमुख आणि तंत्र-समन्वयक घरी आले. सोबत मोजपट्टी आणि घडीची शिडी होती. छताची लांबी-रुंदी घेण्यात आली. पंख्याची तिन्ही पाती पुसून वाचण्यात आली. एका पात्यावर बनावटीचा आकडा निघाला. तो कोणत्या सनाशी जुळतो का, हे पाहण्यासाठी तंत्र-समन्वयकाने इतिहासाचे पाठ्यपुस्तक मागितले. बाईंचे पती घड्याळे दुरुस्त करत असत. डोळ्याला लावलेले भिंग न काढता ते हे सारे बघत होते.

“आपल्या पत्नी एरवीही घरात वर बघतात का?” केंद्रप्रमुखांनी विचारले.

“माझ्याशी बोलताना नेहमी,” पती म्हणाले आणि पुन्हा घड्याळात शिरले.

छतात काहीच सापडेना, तेव्हा तंत्र-समन्वयकाला सुचले की छताच्याही वर काहीतरी असणार. तिथे बाईंची नणंद राहत होती. टपाल कचेरीच्या खिडकीमागे तीस वर्षे बसून ती निवृत्त झाली होती, आणि समोरचा माणूस रांगेतला आहे की रांग मोडून आलेला, एवढ्याच दोन जातींत ती मनुष्यमात्राची विभागणी करी. दार अर्धेच उघडून तिने दोघांना उंबऱ्याबाहेर उभे केले.

“सोमवारी सकाळी आपण कुठं होतात?” केंद्रप्रमुखांनी विचारले.

“वर.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. तंत्र-समन्वयकाने लिहून घेतले.

“वर काय करत होतात?”

“राहत होते. माझं घर वर आहे. तुमचं खाली असेल तर त्यात माझा काय दोष?”

“आपण वहिनींना काही सुचवत होतात का?”

“लग्न होऊन आली तेव्हापासून सुचवतेय. ऐकतंय कोण?”

“म्हणजे सुचवत होतात!”

“अहो, भाजीत मीठ!”

“इतिहासातलं काही?”

“तिला मी इतिहास सुचवू? बावीस वर्षांत मी काय काय बोलले ते तिला तारीखवार पाठ आहे.”

तंत्र-समन्वयकाने ‘तारीखवार’ या शब्दाखाली रेघ मारली, नणंदेचा फोन नंबर ‘वरील व्यक्ती’ म्हणून नोंदवला आणि शिडी मिटली.

गुरुवारी अकरा वाजता सुनावणी भरली. ती पहिल्या साधनावर होती, आणि परीक्षेशी संबंधित प्रत्येक कामकाज सातव्याच्या देखरेखीखाली व्हावे असा नियम असल्यामुळे कोपऱ्यात पहारेकरी बसलेला होताच. समितीत तिघे होते: केंद्रप्रमुख, तंत्र-समन्वयक आणि बाहेरून आलेले परीक्षा-नियंत्रक. हे शेवटचे गृहस्थ पापणी न हलवता ऐकण्याबद्दल प्रसिद्ध होते. त्यांनी आरोप वाचून दाखवला, छताची मापे वाचून दाखवली, नणंदेचा ‘कबुलीजबाब’ वाचून दाखवला, आणि विचारले, “आपलं म्हणणं?”

बाईंनी रात्रंदिवस एक निवेदन मनात रचले होते. त्यात स्मृती म्हणजे काय, विचार म्हणजे काय, आणि माणसाच्या डोळ्यांचा त्या दोहोंशी संबंध काय, याची तीन भागांत मांडणी होती. पण समोर त्या तीन सरळ, कोरड्या चेहऱ्यांकडे पाहून त्यांना एकाएकी त्या मांडणीचा वीट आला.

“माझं म्हणणं नाही, एक प्रश्न आहे,” त्या म्हणाल्या. “शाळेत पहिल्या दिवशी तुमच्या शेजारी कोण बसलं होतं?”

“याचा इथं संबंध काय?” नियंत्रक म्हणाले. पण प्रश्न कानात शिरला होता. त्यांची मान आपोआप किंचित मागे गेली, आणि न हलणाऱ्या पापण्या उचलल्या गेल्या. “एक मुलगा होता… डावखुरा. त्याचं कोपर सारखं माझ्या पाटीला लागायचं. मग मी बाजू बदलली, तर त्यानं…” ते वर बघूनच हसले.

“माझ्या शेजारी कोणी नव्हतं,” केंद्रप्रमुख म्हणाले. त्यांचीही हनुवटी वर. “मी दारातच रडत उभा होतो. एका बाईंनी मला टेबलावर बसवलं होतं. हिरव्या बांगड्या होत्या त्यांच्या. का निळ्या?”

तंत्र-समन्वयक सर्वांत जास्त वेळ वर बघत राहिला. “नाव नाही आठवत,” तो शेवटी म्हणाला. “त्याचं खोडरबर मात्र माझ्याकडंच राहिलंय.”

हा बाईंनी रचलेला सापळा होता, असे पुढे केंद्रात म्हटले जाऊ लागले, आणि बाईंनी ते खोडून काढले नाही. वस्तुस्थिती अशी, की त्यांनी केवळ संतापून विचारले होते आणि उत्तरे ऐकताना त्या स्वतःच चकित झाल्या होत्या. त्याहून चकित त्या पडद्याकडे पाहून झाल्या. तिन्ही चेहऱ्यांभोवती लाल चौकटी उगवल्या होत्या. खाली ओळ सरकत होती: ‘तीन नवीन व्यक्ती. स्रोत: तोच. एकूण अठरा. संशयित व्यक्तींचे समिती-सदस्यत्व स्थगित.’ भिंतीवरच्या ठिपक्याच्या कृपेने एकट्या बाईंची चौकट हिरवी होती.

“बंद करा ते!” केंद्रप्रमुख ओरडले.

“बंद करायला समितीची मंजुरी लागते साहेब,” तंत्र-समन्वयक म्हणाला.

“मग देतो की मंजुरी!”

“आपण स्थगित आहोत.”

“कधीपर्यंत?” नियंत्रकांनी विचारले.

“सुनावणी होईपर्यंत.”

“सुनावणी कोण घेणार?”

“समिती.”

विचार करणे भाग होते आणि वर बघण्याची चोरी होती. तिघे अनुभवी पुरुष कीबोर्डकडे बघत बसले आणि अर्थातच कोणाला काही सुचेना. अखेर तंत्र-समन्वयकाने पडद्याबाहेर वाकून, टेबलाखाली तोंड घालून, तिथे काय केले कोण जाणे; पण तो वर आला तो उपाय घेऊनच.

“साहेब, सिस्टीममध्ये एक यादी आहे. ‘परीक्षेत अनुज्ञात साधने.’ मोजपट्टी, गणकयंत्र वगैरे. त्यात नाव घातलं की त्याच्याकडं कितीही बघा, पहारेकरी काही म्हणत नाही. त्याला मंजुरी लागत नाही, कारण ते कोणाच्या लक्षातच नाही.”

“मग घाला!”

“काय घालू?”

“छत घाला!” तिघे एकदम म्हणाले, तिघांत एक आवाज बाईंचा होता.

त्याने ‘छत’ लिहिले. यंत्राने विचारले: ‘आवृत्ती?’

“बाई, आवृत्ती काय हो?” केंद्रप्रमुख काकुळतीने म्हणाले.

“ज्याच्या डोक्यावर जी असेल ती.”

त्याने ‘सर्व’ लिहिले. यंत्राने विचारले: ‘साधनाच्या देखभालीसाठी संपर्क?’ हा रकाना रिकामा सोडता येत नव्हता, आणि सत्र संपायला चाळीस सेकंद उरले होते. तंत्र-समन्वयकाने वही उलटीसुलटी केली. छतासंबंधी त्याच्यापाशी जगातला एकच नंबर होता. तो त्याने घातला.

तिन्ही लाल चौकटी हिरव्या झाल्या आणि अठराही जणांवरचा शेरा पुसला गेला. नियंत्रकांनी घाम पुसला आणि आरोप निकालात निघाल्याचे कोरड्या आवाजात जाहीर केले. बाईंचे प्रावीण्य-प्रमाणपत्र पाच मिनिटांत आले. त्यांच्या शनिवारच्या वापर-अहवालात आठवी ओळ वाढली: ‘छत. वापरलेली मिनिटे. समाधान.’ त्या ओळीपुढे बाईंनी आयुष्यात प्रथमच मनापासून पाच तारे दिले.

पुढच्या बुधवारी परीक्षा झाली. नियम आता असा होता, की परीक्षार्थींनी हवे तितके वर बघावे. पर्यवेक्षकाने मात्र तीन तास पडद्यावरून दृष्टी हलवू नये. पर्यवेक्षक बाईच होत्या, म्हणजे त्या सकाळी विचार करण्याची मनाई फक्त त्यांना होती. त्या बसून राहिल्या. पडद्यावर चौदा चौकोन, आणि चौदा चौकोनांत, प्रश्नपत्रिका उघडून दहाच मिनिटे झालेली असताना, एकही चेहरा दिसत नव्हता. दिसत होत्या त्या चौदा हनुवट्या. चादरींच्या खोलीतली हनुवटी सर्वांत वर होती, आणि तिला कसली घाई नव्हती. बाईंनी जन्मभर पुतळ्यांची आणि सिंहासनांची चित्रे पाहिली आणि दाखवली होती; माणसांचा इतका ऐटबाज समुदाय त्यांनी कोणत्याही पुस्तकात पाहिला नव्हता.

एवढ्यात वरून खुर्ची सरकवल्याचा आवाज आला, मग टेबल सरकवल्याचा, मग नणंदेचा खणखणीत स्वर. ती फोनवर दुसऱ्याच कुठल्याशा केंद्रातल्या माणसाशी बोलत होती.

“बसचं छत? चालेल. पत्र्याचं चालतं. मात्र खाली उभं राहून बघू नका, बसून बघा. बरं, तुमच्यापुरतं झालं. पुढचे कोण?… तंबू? तंबूचं आत्ताच सांगता येणार नाही. दुपारी करा.”

परीक्षार्थींच्या कानावर हा गोंगाट जाईल, या धास्तीने बाईंनी डोळे पडद्यावर ठेवूनच चाचपडत फोन लावला. चार वेळा तो व्यग्र होता. पाचव्यांदा लागला.

“वन्सं, परीक्षा चालू आहे. वर जरा सामान सरकवू नका.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. कोणीतरी घसा साफ केला. मग बावीस वर्षांत प्रथमच नणंद त्यांना ‘आपण’ म्हणाली.

“तक्रार छताबद्दल आहे का आपली?”

“हो.”

“मग थांबा. आपल्या पुढं अकरा जण आहेत.”